हायवेवरच्या हॉटेलचं मेनू कार्ड नव्याने करायचंय. 142 पदार्थांतले ठेवू कोणते, काढू कोणते?

महामार्गावरचा (एरंडोल)

नमस्कार मंडळी. एरंडोलजवळ धुळे-जळगाव रस्त्याला लागून आमचं शाकाहारी हॉटेल आहे. वडिलांनी उभं केलं, गेल्या दिवाळीपासून गल्ला माझ्याकडे आला. चौदा टेबलं, बाहेर लिंबाखाली चार बाजा. गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं: सुरत-नागपूर लांब पल्ल्याचे गाडीवाले, रविवारी जळगाव-धुळ्याहून घरच्यांना घेऊन येणारे, आणि चतुर्थीला पद्मालयच्या गणपतीला जाणारे.

आमचं मेनू कार्ड आठ पानी आहे. परवा बसून मोजले, पदार्थ 142 निघाले. पनीरच्याच भाज्या एकवीस. चायनीजची दोन पानं. आणि शेवभाजी, भरीत, पातोडी, कळण्याची भाकरी, फुनके-कढी हे सगळं आठव्या पानावर, 'खान्देशी स्पेशल' म्हणून सात ओळींत. किमतींवर स्टिकर, त्या स्टिकरवर दुसरं स्टिकर.

एका डिझायनरने तीन नमुने दाखवले. काळं पान, सोनेरी अक्षरं, फोटो भरपूर. दिसायला छान आहेत, पण मला त्यात आमचं हॉटेल कुठे दिसेना. वडिलांचं म्हणणं वेगळंच आहे: "एकही पदार्थ काढू नको. गाडीत पाच माणसं असतात, एकाला मंचुरियन नाही मिळालं तर पाचही उठून जातात." त्यांनी 22 वर्षं हॉटेल चालवलंय, त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

पदार्थ किती ठेवावेत? खान्देशी पानं पुढे आणावीत का? किमती कशा लिहाव्यात? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

चूल आणि गल्ला (भुसावळ)

दादा, डिझायनरला आधी पंधरा दिवस थांबवा. कागद, रंग, अक्षरं हे सगळं शेवटचं काम आहे.

भुसावळला आमचं नऊ टेबलांचं हॉटेल आहे, सोळा वर्षं झाली. सुरुवातीला मीही हेच केलं होतं. एका मोठ्या हॉटेलचं कार्ड समोर ठेवलं आणि 96 पदार्थ छापून घेतले. आमच्याकडे वस्ताद (मुख्य आचारी) एक, हाताखाली पोरगा एक, भट्ट्या तीन. पहिल्याच महिन्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले. गाडीवरून उतरून थेट आलेले, पिशवी पायाशी. नातवाने मशरूम मागितलं, ते नव्हतं. मग कोफ्ता मागितला, तोही नव्हता. आजोबांनी आणखी दोन पानं उलटली, बोट ओळींवरून खाली नेलं, मग कार्ड मिटून टेबलाच्या कडेला सरकवलं आणि पोराला विचारलं, "भाऊ, आज काय शे?" अमळनेरकडचे असावेत, बोलीवरून वाटलं. आमचा पोरगा म्हणाला, "बाबा, शेवभाजी ताजी आहे, भाकरी तव्यावरची गरम देतो. याच्यासाठी तिखट कमी करून आणू का?" आजोबांचा चेहराच बदलला. दोघं पोटभर जेवले.

मी गल्ल्यावरून हे सगळं बघत होते. ताजं काय, सोबत काय, तिखट किती, पोराला चालेल का, हे त्या पोराने एका दमात सांगितलं. माझ्या 96 ओळींत यातलं एकही नव्हतं, नुसती नावं आणि आकडे होते. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली आणि पंधरा दिवस एकच काम केलं: गिऱ्हाईक कार्ड वाचून झाल्यावर वेटरला काय विचारतं ते शब्दाला शब्द लिहून ठेवलं. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "तिखट किती असते?" त्याखालोखाल "दोघांना पुरेल का?" मग "भाकरी ज्वारीची की बाजरीची?", "शेव वरून टाकून देता की वेगळी?", "यात कांदा-लसूण आहे का?", "किती वेळ लागेल, आमची गाडी आहे." हे शेवटचं भुसावळचं खास, जंक्शन आहे ना. तुमच्याकडचे प्रश्न वेगळे निघतील. तुमचं नवं कार्ड म्हणजे याच प्रश्नांची उत्तरं असायला हवीत. वही तुम्ही स्वतः लिहा, वेटरवर सोपवू नका.

आता पदार्थ किती, ते. मागच्या एका महिन्याची बिलं किंवा केओटीची (वेटर ऑर्डर लिहून आत देतो त्या चिठ्ठ्यांची) पुस्तकं काढा आणि प्रत्येक पदार्थापुढे गेलेल्या प्लेटा मांडा. आमच्या 96 पैकी 31 पदार्थ महिनाभरात एकदाही कोणी मागितले नव्हते. पण त्या 31 साठी मशरूमचे डबे, बेबी कॉर्न, चीज असं सगळं फ्रीजमध्ये पडून होतं आणि पंधरवड्याला थोडं फेकलं जात होतं. तो खर्च कार्डावर दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

वडिलांच्या मंचुरियनचं मात्र खरं आहे. गाडीत एक पोरगं असतंच. म्हणून चायनीज पूर्ण काढू नका. खपणारे चार ठेवा, पण दोन पानं कशाला?

प्लेटा मोजल्या की प्रत्येक भाजीमागे हातात किती रुपये उरतात ते काढा. टक्के नको, रुपये. माझा हिशोब देते, भाव तुमच्या बाजारचे घाला. शेवभाजी: 70 ग्रॅम जाड शेव, किलोला 220 धरून साडेपंधरा. कांदा, सुकं खोबरं, लसूण, मसाला मिळून 12. तेल 6. गॅस साडेचार. झाले 38. विकते 120 ला, उरतात 82. पनीर बटर मसाला: 120 ग्रॅम पनीर, किलोला 340 धरून 41. लोणी आणि काजू-मगजची पेस्ट 20. ग्रेव्ही नि गॅस 17. एकूण 78. विकते 190 ला, उरतात 112. टक्क्यांत बघितलं तर शेवभाजी स्वस्तात बनते, 32 टक्के खर्च, पनीरला 41. पण हातात पनीर जास्त ठेवतं. इथे पुष्कळ जण थांबतात आणि पनीरच्या एकवीस भाज्या छापतात.

तुम्ही थांबू नका, अजून एक आकडा घ्या. भट्टीवरचा वेळ. रस्सा सकाळीच तयार असतो, म्हणून शेवभाजी 4 मिनिटांत भट्टीवरून उतरते. पनीरला आमच्या वस्तादाला 10 मिनिटं लागतात. रविवारी दुपारी एक ते दोन, बाहेर माणसं उभी, भट्ट्या मोजक्या. एका भट्टीवर तासात शेवभाजीच्या 15 प्लेटा निघतात, म्हणजे 1230 रुपये उरले. पनीरच्या 6, म्हणजे 672. ज्या तासाला तुमचं हॉटेल खचाखच भरलेलं असतं, त्या तासाला गिऱ्हाइकाची नजर आधी कशावर पडावी ते यावरून ठरवा. मंगळवारी दुपारी चारला भट्ट्या मोकळ्या असतात तेव्हा पनीर मागवलं तर चांगलंच आहे.

माझी मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकली. तिच्या पुस्तकात याला 'मेनू इंजिनिअरिंग' म्हटलंय. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कासावाना आणि स्मिथ या दोघांनी 1982 साली ही पद्धत मांडली. जास्त खपणारे आणि जास्त रुपये ठेवणारे ते स्टार. खूप खपणारे पण कमी ठेवणारे, त्यांना ते नांगराचा घोडा म्हणतात; आपल्याकडे नांगराला बैल, म्हणून मी बैलच म्हणते. जास्त ठेवणारे पण न खपणारे ते कोडं. दोन्हीकडून कमी ते काढून टाकायचे. 'जास्त खपणारे' कशाला म्हणायचं याचंही माप त्यांनी दिलंय: वीस भाज्या असतील तर प्रत्येकीचा समान वाटा 5 टक्के, त्याच्या 70 टक्के म्हणजे साडेतीन. भाजीच्या शंभर प्लेटांत जी साडेतीनपेक्षा जास्त वेळा जाते ती खपणारी. भाज्यांची तुलना भाज्यांशी करा, चहा-भजी त्यात मिसळू नका. मात्र भट्टीचा वेळ त्या चौकटीत नाही, तो तुमचा तुम्हाला धरावा लागतो.

किमतींबद्दल. अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी 2009 मध्ये एका रेस्टॉरंटात करून बघितलं होतं. किमतीपुढे डॉलरचं चिन्ह किंवा 'डॉलर' हा शब्द न लिहिता नुसता आकडा छापला तेव्हा लोकांनी जास्त खर्च केला. त्यावरून कोणी सांगेल की किमती बारीक लिहा, लपवा. ते करू नका. आपल्याकडे घरचा कर्ता माणूस आधी किमतीचा अंदाज घेतो आणि मग निवांत होतो. आकडा सापडला नाही तर तो निवांतच होत नाही, पोरांना "तेवढं पुरे" म्हणत राहतो. मी '/-' आणि '.00' काढून टाकलं, आकडा अक्षरांएवढाच ठेवला, आणि तो पदार्थाच्या वर्णनाच्या शेवटीच लिहिला. पूर्वी टिंबटिंब देऊन उजव्या कडेला रांग होती. ती रांग असली की लोक वरून खाली फक्त आकडे वाचतात आणि मग डावीकडे बघतात की हे काय आहे. हे मी डोळ्यांनी बघितलंय, बोट आकड्यांवरूनच फिरतं.

'उजव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात सगळ्यांची नजर जाते' असं डिझायनर सांगतील. कॉर्नेलच्याच अभ्यासकांपैकी सिबिल यांग यांनी 2012 मध्ये नजर टिपणारं यंत्र लावून तपासलं, तर लोक मेनू पुस्तकासारखा, पहिल्या पानापासून ओळीने वाचतात असं निघालं. म्हणून तुमची शेवभाजी आठव्या पानावरून पहिल्यावर आणा. एरंडोलला थांबून माणूस जे खाऊ शकतो आणि सुरतेत किंवा नागपुरात जे तसं मिळत नाही, ते आठव्या पानावर ठेवलं तर तिथे पोचायच्या आत त्याची भूक संपते.

भरीत छापील कार्डात बारमाही लिहू नका. थंडीतली हिरवी, पांढऱ्या रेघांची भरताची वांगी आणि मे महिन्यातली वांगी यांत जमीन-अस्मानाचा फरक. उन्हाळ्यात मागवून कोणी नाक मुरडलं तर तो माणूस थंडीतही मागवत नाही. भरीत, वरण-बट्टी (आम्ही फक्त रविवारी करतो), खापरावरचे मांडे (आदल्या दिवशी सांगून) हे फळ्यावर खडूने लिहा. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभरी पार गेला होता, तेव्हा छापलेल्या किमतीत लाल ग्रेव्ही देताना माझी काय अवस्था झाली ते मलाच माहीत. फळा असता तर दोन महिने त्या भाज्या फळ्यावर हलवल्या असत्या.

चतुर्थीवाल्यांसाठी उपवासाचं एक वेगळं छोटं कार्ड करा, साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी, ताक. त्या दिवशी तेच हातात द्या. उपवासाची कढई वेगळी आहे का, हेही विचारतात. असेल तर तसं लिहा, आणि नसेल तर आधी कढई घ्या.

डीटीपीवाला (अमळनेर)

ताईंनी पोटातलं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. वीस वर्षं लग्नपत्रिका आणि मेनू कार्डं करतोय.

काळं पान आणि सोनेरी अक्षर घेऊ नका. संध्याकाळी बाहेर बाजेवर बसलेल्या माणसाला लांबच्या ट्यूबच्या उजेडात ते वाचता येत नाही, साठीच्या पुढच्याला तर अजिबात नाही. पांढरट किंवा साईच्या रंगाचा कागद, काळी शाई. देवनागरीला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींत जागा सोडा. पदार्थाचं नाव 16 पॉइंट ठळक, वर्णन 13 च्या खाली नको.

फॉन्ट युनिकोडमधला घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे दोन्ही फुकट मिळतात आणि छान वाचले जातात. नावांना बालू, वर्णनाला मुक्ता. तुम्ही मोबाइलवर मजकूर टाइप करून पाठवता आणि आमच्यातले पुष्कळ जण अजून जुन्या फॉन्टवर काम करतात. तिथे मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं तुटतात. 'भाकऱ्या'चं 'भाकर्या' होतं, 'चटणी'ची 'चटनी' ही चूक तर हाताने होते. छापायच्या आधीचा शेवटचा कागद घरातल्या मराठी चांगलं असलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. पडद्यावर नाही, कागदावर.

आकार: ए3 मधोमध दुमडून चार पानं, जाड आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबचा उजेड डोळ्यात येतो. हळद-तेलाचे डाग ओल्या फडक्याने निघतात. क्यूआर कोड लावायचा तर जरूर लावा, पण कार्डाऐवजी नको. फोटो घ्यायचे तर स्वतःच्या ताटाचे दोनच घ्या, खिडकीच्या उजेडात काढलेले. नेटवरून उतरवलेल्या शेवभाजीच्या फोटोत शेव बारीक असते, तुमची जाड येते, गिऱ्हाईक विचारतं.

कर सल्ला (धुळे)

कार्ड छापण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. जीएसटीत तुम्ही नियमित आहात की कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी योजना)? नियमित असाल तर तुमच्यासारख्या रेस्टॉरंटला 5 टक्के लागतो, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, आणि किमती करासह आहेत की कर वेगळा ते कार्डावर स्पष्ट हवं. कंपोझिशनमध्ये असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. तेव्हा दुसऱ्याचं कार्ड बघून 'जीएसटी वेगळा' ही ओळ उचलू नका. आणि बिलावर अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक 2022 पासून लागतो, कार्ड नवं करतानाच बिलाचा नमुनाही बघून घ्या.

महामार्गावरचा (एरंडोल)

सगळ्यांचे मनापासून आभार. वही केली. खरं सांगायचं तर चौथ्या दिवसापासून वडिलांनीच ती माझ्या हातातून घेतली. ते आता काउंटरवर न बसता दारातल्या टेबलावर बसतात आणि लिहितात.

पंधरा दिवसांत 142 पैकी 58 पदार्थ एकदाही गेले नाहीत. पनीरच्या एकवीसपैकी चारच भाज्या खऱ्या चालतात. वस्तादाला विचारलं तर तो म्हणाला, कोल्हापुरी, मराठा, हंडी, तुफानी या सगळ्यांना ग्रेव्ही एकच, लाल. वरून कापलेलं तेवढं वेगळं. शेवभाजी सर्वांत पुढे, 316 प्लेटा. भरीत मात्र 27 च, आणि तेही ऐन थंडीत. वडील चकित झाले, कारण घरी पाहुणा आला की तो पहिलं भरीतच मागतो.

वहीतला आमचा पहिला प्रश्न 'तिखट किती?' हाच आहे. दुसरा थोडा वेगळा: "पार्सल मिळेल का, जळगावपर्यंत टिकेल का?"

कच्चा मसुदा 46 पदार्थांचा झालाय. शेवभाजीची ओळ अशी लिहिलीय: 'अस्सल गावरान मसाल्यांच्या लज्जतदार चवीची, झणझणीत व स्वादिष्ट खान्देशी शेवभाजी.' भरताची: 'चुलीवरचे अस्सल खान्देशी वांग्याचे भरीत.' कशा वाटतात? जैन पदार्थांचं काय करावं तेही सांगा, आमच्याकडे रोज एखादं टेबल विचारतंच.

चूल आणि गल्ला (भुसावळ)

वडिलांनी वही घेतली हे वाचून फार बरं वाटलं. 22 वर्षांचं त्यांचं बघणं आहे, ते कागदावर उतरलं तर तुमचं कार्ड दुसऱ्या कोणाला नक्कल करता येणार नाही.

शेवभाजीच्या ओळीतून अस्सल, गावरान, लज्जतदार, स्वादिष्ट हे चारही शब्द काढा. ते प्रत्येक ढाब्याच्या पाटीवर आहेत, डोळा त्यांच्यावरून घसरतो. तुमच्या वहीतल्या प्रश्नांची उत्तरं घाला. मी अशी लिहीन:

'शेवभाजी. भाजलेला कांदा-खोबरं आणि काळ्या मसाल्याचा रस्सा, जाड शेव वेगळ्या वाटीत. तिखट, कमी हवी तर आधी सांगा. दोघांना पुरते. पार्सलमध्ये शेव वेगळी बांधून देतो. 120'

बघा, पार्सलचा प्रश्न इथेच सुटला. रस्सा जळगावपर्यंत काय, अकोल्यापर्यंत जाईल. शेव आत पडली की दहा मिनिटांत लगदा.

भरीत 27 च का गेलं याचं कारण तुमच्याच ओळीत आहे. 'चुलीवरचे' लिहिलंय, पण वांगी कशावर भाजता? गॅसवर भाजत असाल तर तो शब्द आजच काढा. माझं ऐकाल तर मागच्या अंगणात तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवून वांगी त्यावर भाजा, तुमच्याकडे शेतात फुकट मिळतील. धुराचा वास भरतात उतरतो तो गॅसवर उतरत नाही, आणि संध्याकाळी सहाला तो वास रस्त्यापर्यंत जातो. साल काढून वांगी लाकडाच्या खोलगट पात्रात ठेचायची, मिक्सर नको, पाणी होतं. मग लिहा:

'भरीत. तुराट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टोमॅटो नाही. कळण्याच्या पुरीसोबत.'

वांगी बामणोदकडची आणत असाल तर गावाचं नाव जरूर लिहा. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, नागपूरच्या माणसालाही ते नाव वाचून थांबावंसं वाटेल. पण मंडईतून मिळेल ते वांगं आणत असाल तर गावाचं नाव घालू नका. आपल्या भागातला शेतकरी एका घासात ओळखतो. आणि कळणा म्हणजे काय हे बाहेरच्याला माहीत नसतं, तळाला एक ओळ द्या: 'कळणा: ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ.' आमच्याकडे ही ओळ घातल्यावर कळण्याची भाकरी मागणारे बाहेरगावचे लोक दिसायला लागले. पूर्वी ते न विचारता रोटी सांगायचे.

लाल ग्रेव्हीच्या सोळा-सतरा नावांचं वस्तादाने खरं सांगितलं, त्याचा मान ठेवा. चार ठेवा, प्रत्येकीत खरोखर काहीतरी वेगळं घाला.

जैनचं नीट ऐका. तुमचा काळा रस्सा सकाळी एकदम बनतो आणि त्यात कांदा-लसूण असतो. तो 'जैन करून देतो' म्हणणं म्हणजे समोरच्याचं व्रत मोडणं आहे. पोराने गडबडीत 'हो' म्हटलं तर दोष कार्डाचा नाही, तुमचा. ज्या भाज्या वेगळ्या भांड्यात, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय शून्यापासून बनवता येतात, तेवढ्यांपुढेच 'जैन' लिहा, आणि '20 मिनिटं लागतील' हेही लिहा. आमच्याकडे अशा पाचच आहेत: गिलक्याची भाजी, शेव-टोमॅटो, डाळ, कढी, पनीरची एक. जैन घरं आमच्याकडे पुन्हापुन्हा येतात ती याच भरवशावर.

चोपड्याचा (पुण्यात नोकरी)

मी नुसता खाणारा. दर दिवाळीला पुण्याहून गाडीने घरी येतो, धुळे ओलांडलं की पोरं विचारतात, "बाबा, शेवभाजी कुठे थांबून खायची?" कार्डात शोधावी लागली नाही तर बरं होईल. आणि भाकरी 'नग' म्हणून लिहिता तेव्हा केवढी असते ते कळत नाही. आमच्या आईची भाकरी ताटभर, हॉटेलातली तळहाताएवढी. दोन सांगायच्या की चार, प्रत्येक वेळी हाच गोंधळ.

महामार्गावरचा (एरंडोल)

भाकरीचं आमच्या वहीतही आहे, वडिलांनी तीन वेळा लिहिलंय. 'ताटाएवढी, एका माणसाला दोन पुरतात' असं घालतो. वांगी सध्या गॅसवरच भाजतो, कबूल. उद्या शेतातून तुराट्यांचा भारा आणतोय, वस्ताद तयार आहे. कंपोझिशनमध्येच आहोत, 'जीएसटी वेगळा' ही ओळ जुन्या कार्डावर होती, काढली. एकच विचारतो ताई, लगेच पन्नास प्रती छापू का?

चूल आणि गल्ला (भुसावळ)

नका. मसुदा साध्या कागदावर काढा, दहा झेरॉक्स करा आणि दोन रविवार आणि एक चतुर्थी त्यांवरच चालवा. वही चालू ठेवा. ज्या पदार्थाबद्दल लोक अजूनही वेटरला काही विचारतायत, त्या ओळीत काहीतरी राहिलंय, ती पुन्हा लिहा. मळलेल्या झेरॉक्स फेकू नका, कोणत्या जागी अंगठ्याचे डाग जास्त आहेत ते बघा. मग अमळनेरच्या दादांकडे जा. आणि तुराट्यांवरचं पहिलं भरीत कसं झालं ते इथे लिहा.